दार १६ सेंमीचं, कॅमेरा १९ चा: एका कॅमेरा बॅगेच्या कामाच्या नोंदी

जालना, फेब्रुवारी ते जून २०२५

२ फेब्रुवारी २०२५

लग्नाचं काम आणि लेणी-पाखरांची फिरती, दोन्हींना एकच बॅग चालावी म्हणून ही २५ लिटरची पाठीवरची बॅग घेतली. कापड चांगलं आहे, शिवण सरळ आहे, फोमही अगदीच पातळ नाही. पण सामान भरताना तीनदा सगळं उपसावं लागलं. म्हणून भरणं थांबवून आधी टेप लावली.

बाहेरून ४७ × ३० × १९ सेंमी. आत खाली कॅमेऱ्याचा कप्पा: २७ रुंद, २९ उंच, १४.५ खोल. त्याच्यावर १५ सेंमी उंचीचा दुसरा कप्पा. समोरचा पल्ला तीन बाजूंनी चेनने उघडतो. डाव्या अंगाला पटकन कॅमेरा काढायचं दार, १६ × ११ सेंमी. रिकाम्या बॅगेचं वजन १ किलो ९५० ग्रॅम.

रोजचं सामान असं: कॅनन ५डी मार्क ४ कॅमेऱ्याची बॉडी (लेन्स न लावलेला कॅमेरा) बॅटरीसकट ८९० ग्रॅम, दुसरी बॉडी ६डी ७७०, मग लेन्स: २४-७० एफ/२.८ ची दुसरी आवृत्ती ८०५, ७०-२०० एफ/२.८ ची तिसरी आवृत्ती १,४८०, १६-३५ एफ/४ ६१५, ८५ एफ/१.८ ४२५. दोन फ्लॅश सेलसकट मिळून १,२००. चार्जर, बॅटऱ्या, कार्ड ६००. हूड (लेन्सच्या तोंडावर बसतं ते कडं), झाकणं, गळ्यातले पट्टे धरून ४०० च्या आसपास. बेरीज ७ किलो १८५. बॅग धरली की नऊच्या वर, आणि ट्रायपॉडचे १ किलो ८०० त्यावर.

३ फेब्रुवारी

दोष लिहून काढले.

सगळ्यात मोठा दोष दाराचा. ५डी मार्क ४ ची बॉडी १५०.७ मिमी रुंद, ११६.४ उंच, ७५.९ जाड. तिला २४-७० लावली की लेन्सचे ११३ मिमी मिळून पुढून-मागून १९ सेंमी होतात. बाजूच्या दारातून कॅमेरा ग्रिपला धरून ओढायचा असतो, म्हणजे दारातून १९ × ११.६ सेंमीचा आकार जायला हवा. दार आहे १६ × ११. लेन्स लावलेला कॅमेरा इथून निघणं शक्यच नाही. नुसती बॉडी काढायची म्हटली तरी हॉट शू (वर फ्लॅश बसवायची खाच) कडेला घासतो. बॅग बनवताना बॉडीचं माप वेगळं घेतलंय, लेन्सचं वेगळं. दोन्ही जोडून कुणी मोजलेलं दिसत नाही. शिवाय दाराची बिजागरीची बाजू पाठीकडे आहे, त्यामुळं बॅग पोटाकडे फिरवून दार उघडलं की झडप नेमकी पोट आणि कॅमेऱ्याच्या मधे येते.

ट्रायपॉडचे दोन्ही पट्टे याच डाव्या अंगाला, दारावरून आडवे. ट्रायपॉड बांधला की दार बंद.

समोरून उघडणारी बॅग जमिनीवर ठेवायची म्हणजे पाठीचा भाग खाली. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ खांद्याच्या पट्ट्यांना, तिथून शर्टाला. लग्नात पांढरा शर्ट असला की हा किरकोळ त्रास राहत नाही.

वरच्या कप्प्याचा तळ म्हणजे नुसतं कापड. ६डी आणि फ्लॅश ठेवले की तो ३ सेंमी लोंबतो आणि खालच्या लेन्सवर टेकतो. पार्टिशनं ६ मिमीच्या पांढऱ्या पॅकिंग फोमची. हा फोम एकदा दबला की पुन्हा फुगत नाही, बोटानं दाबून पाहिलं तर वण तसाच राहिला. अस्तर काळं. बॅगेचा तळ मऊ, उभी केली की पुढे कलंडते. समोरच्या पल्ल्याची चेन ५ नंबरची, खालच्या कोपऱ्यांत वळण इतकं आवळ की रनर तिथं थांबतो आणि दुसऱ्या हातानं कापड ताणावं लागतं.

५ फेब्रुवारी

खरं सामान घालून बॅग आपटत बसायचं नाही, म्हणून डमी केल्या. शेतात पाण्यासाठी वापरतात तो ९० मिमीचा पीव्हीसी पाइप इथं फार कामाला आला. ७०-२०० चा व्यास ८९ मिमी, २४-७० चा ८८.५, पाइप जवळजवळ नेमका. एक तुकडा २० सेंमी, एक ११.३ सेंमी कापला. आत वाळू भरून काट्यावर मोठा १,४८० आणि छोटा ८०५ ग्रॅमवर आणला. वाळूनं पाइप पूर्ण भरत नाही. उरलेल्या जागेत चिंधी घट्ट कोंबायची, नाहीतर वाळू सरकते आणि वजन एका टोकाला जातं. तोंडं तपकिरी टेपनं तीन वेढे देऊन बंद.

बॉडीसाठी वाळलेल्या कडुलिंबाच्या लाकडाचा ठोकळा, १५ × ११.६ × ७.६ सेंमी. काट्यावर ८७० भरला, म्हणजे रंधायचीही गरज पडली नाही. छोटा पाइप ठोकळ्याला दोन लांब स्क्रूंनी जोडला. लेन्स लावलेल्या कॅमेऱ्याचा आकार तयार.

८ फेब्रुवारी

वेळ मोजली. बॅग दोन्ही खांद्यांवर, इशारा झाल्यापासून कॅमेरा डोळ्याला लागेपर्यंत, पाच वेळांची सरासरी. पुढचा पल्ला उघडून २४-७० लावलेला कॅमेरा: ३१ सेकंद. यातले ११ सेकंद नुसते चेनच्या दोन कोपऱ्यांवर जातात. ७०-२०० काढायला ३४. बाजूच्या दारातून: होत नाही.

मांडवात वधू-वर एकमेकांकडे तोंड करून उभे राहिले आणि मंगलाष्टकांचं शेवटचं कडवं सुरू झालं, की लेन्स बदलायला ३० सेकंद मिळत नाहीत. हा आकडा १० च्या आत आणायचा, हेच या कामाचं माप.

९ फेब्रुवारी

मांडणी ठरली. कागदावर बॅगेचा आतला आकार पूर्ण मापात काढला आणि डमी त्यावर ठेवून सरकवल्या.

कॅमेरा दाराच्या अंगाला, ग्रिप दाराकडे, लेन्स खाली. शेजारी ७०-२०० उभी. कॅमेऱ्याच्या वर १६-३५ आडवी, ७०-२०० च्या वर बॅटऱ्यांची पिशवी. वरच्या कप्प्यात ६डी, फ्लॅश, ८५.

कागदावरच दोन अडचणी दिसल्या. तळाला १५ मिमी फोम आणि ३ मिमीचं सनपॅक (आत नळ्या असलेला प्लास्टिकचा ताठ पत्रा) टाकायचं, म्हणजे उंचीतले १.८ सेंमी गेले. २९ मधून ते वजा केले, कॅमेऱ्याचे झाकणासकट १९.५ आणि मधल्या पार्टिशनचा १ वजा केला की १६-३५ ला उरतात ६.७. तिचा व्यास ८.३. म्हणून मधला तळ २ सेंमी वर न्यायचा: ३१ सेंमीवर. मग उरतात ८.७. वरचा कप्पा १.२ सेंमी जाडीचा तळ धरून ११.८ चा होतो, ६डी ची उंची ११.०५, म्हणजे तीही बसते.

रुंदीचं गणित आणखी आवळ. बॉडी १५.१, उलटं लावलेलं हूड धरून ७०-२०० चा घेर १०.६, आणि पार्टिशन १० मिमी फोम अधिक दोन्हीकडचं फेल्ट मिळून १.२. बेरीज २६.९. जागा २७. एवढ्यात हात जात नाही. म्हणून फक्त त्या पार्टिशनला ६ मिमीचा फोम, बाकी सगळीकडे १०.

१५ फेब्रुवारी

फोमचं काम झालं. सीटकव्हरवाल्यांकडून घट्ट ईव्हीए फोम, १० आणि ६ मिमीचे तुकडे. तिथूनच फेल्ट घेतलं, गाडीच्या डिकीत लावतात ते, फिकट करडं. वेलक्रोची खरखरीत बाजू या फेल्टला थेट धरते, वेगळी मऊ पट्टी शिवायची गरज नाही. घेताना दुकानातच वेलक्रोचा तुकडा वीसेक वेळा लावून काढून पाहायचा. पातळ फेल्टचे तंतू दहाव्या वेळेलाच उपसून येतात.

फोम कापताना कटरचं पातं नवं हवं, आणि एका दमात खोल न घालता तीन हलक्या चिरा. बोथट पात्यानं कड वाकडी होते आणि पार्टिशन उभं राहत नाही. चिकटवायला एसआर सोल्यूशन, म्हणजे रबरी गोंद: फोम आणि फेल्ट दोन्हींवर पातळ थर, वाळू द्यायचा, बोटाला चिकटायचं थांबलं की दाबायचं. ओलं असताना दाबलं तर आत बुडबुडे राहतात. पत्र्याखाली दुपारी सहा मिनिटांत वाळतं, म्हणून एका वेळी एकच पार्टिशन.

सोल्यूशनचा वास पूर्ण जाईपर्यंत खरं सामान आत ठेवायचं नाही. चार दिवस बॅग उघडी ठेवली.

मधला तळ: ५ मिमी सनपॅक, वरून ६ मिमी फोम, फेल्ट. चारही कडांना खरखरीत वेलक्रो. सनपॅकच्या नळ्या बॅगेच्या रुंदीला आडव्या ठेवायच्या, खोलीच्या दिशेनं ठेवल्या तर वजनानं मधोमध घडी पडते. पहिला तुकडा असाच वाया गेला. दुसरा फ्लेक्सवाल्याकडच्या कातरणीतून काढला.

१७ फेब्रुवारी

दार. ताडपत्री आणि ट्रकचे सीट शिवणाऱ्या चाचांकडे बॅग नेली. त्यांनी आधी बॅग उलटी करून सगळ्या शिवणी नखानं ओढून पाहिल्या. म्हणाले, "पट्टा नाही तुटत, शिवण तुटती. मोठं दार केलं तर हा खांब राहिला पाहिजे." खांब म्हणजे दाराच्या दोन्ही कडांना उरणारं कापड. बाजूची भिंत १४.५ ची, दार १२.५ चं, म्हणजे दोन्हीकडे एकेकच सेंमी. तेवढ्यावर नऊ किलो लटकणार.

तोडगा त्यांचाच: दाराच्या चौकटीला आतून २० मिमीची नायलॉनची निवार चारही बाजूंनी फिरवली, दोन समांतर टिपा, आणि चारही कोपऱ्यांत चौकोनात फुली. सुती दोरा अजिबात नको, उन्हात आणि घामात वर्षभरात कुजतो. नायलॉनचा दोरा, १८ नंबरची सुई, टाका ३ मिमीचा. टाका याहून बारीक घेतला तर सुईची भोकं एवढी जवळ येतात की कापड तिकिटासारखं फाटतं.

नवं दार २१ × १२.५. बिजागरी आता समोरच्या अंगाला, म्हणजे उघडल्यावर झडप शरीरापासून बाहेर पडते. चेन ८ नंबरची, मीटरवर मिळते ती, ५० सेंमी: तीन बाजूंचे ४६ आणि टोकांना दोन-दोन. कोपऱ्याची गोलाई लेन्सकडच्या टोकाला ४ सेंमी आणि बॉडीकडच्या टोकाला ३. दोन्हीकडे ४ घेतली तर बॉडीकडे दार ११.६ पेक्षा अरुंद होतं, हे कागद कापून पाहिल्यावर कळलं.

शिवलेल्या बॅगेत मशीनचा पाय आत शिरत नाही. म्हणून चाचांनी तळाची शिवण एका बाजूनं ब्लेडनं उसवली, दार शिवलं. तळ परत बंद करायचं काम चप्पल शिवणाऱ्या मामांनी हातानं आरीनं केलं. आरीची शिवण मशीनपेक्षा जाड दिसते, पण प्रत्येक टाक्यात दोन्ही दोरे अडकलेले असतात. एक तुटला तरी बाकीची उसवत नाही.

ट्रायपॉडचे पट्टे उजव्या अंगाला नेले. आता ट्रायपॉड आणि ७०-२०० एकाच बाजूला, बॅग उजवीकडे ओढते. हा तोल पाण्याची बाटली डावीकडे ठेवून थोडा सावरतो, पूर्ण नाही.

१८ फेब्रुवारी

वेळ: दारातून कॅमेरा ९ सेकंद. ७०-२०० अजून ३४, कारण तिला पुढचाच पल्ला.

२२ फेब्रुवारी, अजिंठा

खऱ्या सामानासह पहिली फेरी. ट्रायपॉड नेला नाही, त्याला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. फर्दापूरच्या टी पॉइंटला गाडी लावून पुढं सुमारे ४ किलोमीटर बसनं जावं लागतं. बसमध्ये बॅग मांडीवर, आणि तिथं सनपॅकचा तळ पहिल्यांदा उपयोगी पडला: बॅग मांडीवर सपाट बसते, गुडघ्यांमधे घसरत नाही.

चित्रांच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे, म्हणून तिथं ८५ एफ/१.८ आणि २४-७० यांच्यावरच भर. लेण्यात शिरण्याआधी चपला-बूट काढायचे. वाकलं की बॅगेचं वजन मानेकडे येतं आणि छातीचा पट्टा लावलेला नसेल तर बॅग एका खांद्यावरून पुढे झुलते. याच वेळी दाराची चेन दोन बोटं उघडी राहिली होती. नऊ सेकंदांच्या नादात रनर शेवटपर्यंत नेला नव्हता. कॅमेरा पडला नाही, पण ग्रिप बाहेर डोकावली. चेनच्या शेवटी एक आडवी पट्टी आणि बटण हवं, म्हणजे चेन उघडी असली तरी झडप धरून राहील.

दुसरं: बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर डोळ्यांना अंधार स्थिरावायला वेळ लागतो. पार्टिशनं करडी झाली तरी वरच्या कप्प्याच्या भिंती अजून काळ्याच. ८५ चं मागचं झाकण तिथं ठेवलं, नंतर दहा मिनिटं हातानं चाचपून सापडलं नाही, बाहेर आल्यावर फ्लॅशखाली मिळालं. पाखरं, लग्न, लेणी, कुठलंही काम असो, बॅगेचं अस्तर काळं ठेवायला एकही कारण नाही.

तिसरं, लहान पण महत्त्वाचं. लेण्यात बॅग जमिनीवर टेकवायची नाही, भिंतीला किंवा खांबाला टेकवायची तर मुळीच नाही. म्हणजे सगळं काम अंगावरच्या बॅगेतून व्हायला हवं. समोरून उघडणाऱ्या बॅगेची सगळ्यात मोठी उणीव इथं उघडी पडते.

१ मार्च

वरच्या कप्प्याला आतून फिकट करडं फेल्ट. दाराच्या टोकाला २५ मिमीची पट्टी आणि चापाचं बटण. एका अंगठ्यानं उघडतं, वेळेत अर्ध्या सेकंदाचाही फरक नाही.

७०-२०० साठी नवा विचार: पुढचा पल्ला पूर्ण उघडायचाच नाही. चेन वरून खाली २० सेंमीवर दोन्ही बाजूंना जाड टीप मारून अडवली, आणि पल्ल्याच्या आत दोन्हीकडे १८ सेंमीचे नायलॉन पट्टे शिवले. आता पल्ला तबकासारखा अर्धा उघडून थांबतो, आणि चेन त्या दोन आवळ कोपऱ्यांपर्यंत जातच नाही. रोजच्या वापरात ते कोपरे बाद. पूर्ण उघडायची गरज फक्त साफसफाईला. तेव्हा बाजूच्या दारातून हात घालून पार्टिशनं काढता येतात.

रमजान उद्यापासून. पुढचं शिवणकाम दुपारी चारच्या आत उरकायचं, असं चाचांनी सांगून ठेवलंय.

वेळ: ७०-२०० १३ सेकंद.

९ मार्च, नाथसागर

पैठणच्या जलाशयाकाठी पहाटे. ७०-२०० आणि ट्रायपॉड. जाता-येता दुचाकी, बॅग पाठीवर.

दुचाकीवर बॅगेचा तळ मागच्या सीटवर टेकतो. खांद्याचे पट्टे ढिले पडतात आणि प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट तळातून लेन्सला. जुन्या मऊ तळानं हा दणका माउंटवर (लेन्स बॉडीला जोडते त्या जागी) गेला असता, कारण आपल्या मांडणीत कॅमेरा लेन्सवर उभा आहे. १५ मिमी फोमला मधे लेन्सच्या तोंडाएवढी, ९.५ सेंमी व्यासाची, ८ मिमी खोल खळगी कापली आणि ५डी च्या खांद्याखाली पार्टिशनची आडवी पट्टी दिली. आता वजन बॉडीच्या खांद्यांवर पेललं जातं, लेन्स खळगीत नुसती टेकते.

खांद्याचे पट्टे दुचाकीवर बसल्यावर दोन बोटं आवळायचे, उतरल्यावर सोडायचे. पट्ट्यांची निवार गुळगुळीत आहे, बकलातून आपोआप सरकते. बकलाखाली उलटी घडी घालून एक टीप मारली, सरकणं थांबलं.

काठावरच्या वाळक्या गवतात बॅग टेकवली आणि वेलक्रोत कुसळं शिरली. कुसळ वेलक्रोच्या आकड्यांत आडवं बसतं, बोटानं निघत नाही, आणि धरण्याची ताकद निम्म्यावर येते. जुन्या ताठ टूथब्रशनं आकड्यांच्या उलट दिशेनं घासायचं, उरलेली सुईनं. त्यानंतर जमिनीसाठी जुन्या फ्लेक्सचा ७० × ९० सेंमीचा तुकडा बॅगेच्या मागच्या खिशात कायमचा ठेवला. छापलेली बाजू खाली, पांढरी वर: पांढऱ्यावर पडलेलं स्क्रू किंवा कार्ड लगेच दिसतं.

१२ मार्च

चेन साफ केली. तेल लावायचं नाही, कुठलंही. काळ्या मातीची धूळ तेलात मिसळली की चेनच्या दात्यांवर घासणारा लगदा होतो. कोरड्या ब्रशनं झटकायची, ओल्या फडक्यानं पुसायची, वाळली की मेणबत्ती एकदा फिरवून रनर दहा वेळा खाली-वर, मग सुती कपड्यानं जास्तीचं मेण पुसून काढायचं.

जुन्या ५ नंबरच्या चेनचा रनर पुढे गेल्यावर मागे चेन उघडत होती. दोष दात्यांचा नसतो, रनरची फट सैल होते. पकडीनं रनरच्या दोन्ही पाखांना मागच्या बाजूनं अगदी हलका दाब, एका बाजूला एकदा, दुसरीकडे एकदा, मग चालवून पाहायचं. एकदम जोरात दाबला तर रनर जाम होतो किंवा तडकतो.

२० एप्रिल, अंबड तालुक्यातलं लग्न

काल हळद, आज लग्न. दोन दिवस बॅग पूर्ण भरलेली.

हळदीची पूड चेनमध्ये जाते ती कोरडी असते तोवर ब्रशनं निघते. ओली हळद आणि तेल एकत्र लागलं की डाग कायमचा आणि रनर चिकट. म्हणून हळदीच्या वेळी दार बंद, बटण लावलेलं, आणि कामाच्या दोन्ही बॉडी गळ्यात. बॅग मांडवाच्या कडेला.

अक्षतांचं पूर्वी लक्षातच आलं नव्हतं. तांदळाचा दाणा दाराच्या चेनच्या वळणात बसला आणि रनर त्यावर चढला. दाण्याचे तुकडे दात्यांत. जोर लावला असता तर चेन गेली असती. रनर मागे घेऊन काडीनं दाणा काढला. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी लेन्स निवडून घ्यायची आणि शेवटची अक्षता पडेपर्यंत बॅग उघडायची नाही. आज हेच केलं, कारण ७०-२०० आधीच ६डी वर होती.

मांडवात मोजलेली वेळ: ५डी ८ सेकंद, ७०-२०० १२.

४ मे

बॅग दुपारी तीन तास गाडीच्या डिकीत राहिली. दोन पार्टिशनांचं फेल्ट कडेनं सुटलं. सोल्यूशन उष्णतेनं मऊ होऊन फेल्ट सरकलं होतं. नुसत्या चिकटवण्यावर विसंबायचं नाही. सगळ्या पार्टिशनांच्या कडेला मामांकडून हातटीप घालून घेतली, १० मिमीवर एक टाका.

सामानही डिकीत नको. ५डी मार्क ४ ची कामाची मर्यादाच ० ते ४० अंश सेल्सियस आहे, आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतला पारा तिथं सहज जातो. बॅग मागच्या सीटखाली, वर सुकं पांढरं फडकं.

२१ मे

अवकाळीची हवा, म्हणून पावसाची तपासणी आधीच केली. बॅगेत वर्तमानपत्राचे बोळे, नळाच्या पाइपनं वरून आणि बाजूनं दहा मिनिटं.

कव्हर घालूनही पाणी दोन ठिकाणी शिरलं. नव्या दाराच्या निवारीवरच्या सुईच्या भोकांतून थेंब-थेंब, आणि पाठीकडून बरंच. दुसरं जास्त वाईट: कव्हर फक्त पुढचा भाग झाकतं, पाठीवरून ओघळलेलं पाणी लॅपटॉपच्या खिशात उतरतं, आणि त्या खिशाचा तळ बॅगेच्या तळाला टेकलेला.

शिवणींना आतून पातळ केलेल्या रबर सोल्यूशनचे दोन हात, मधे एक दिवस वाळू देऊन. दारावर चेनच्या कडेनं ३ सेंमीची रेक्झीनची पट्टी, पाणी बाहेर ओघळेल अशी. लॅपटॉपच्या खिशाला तळाशी १० मिमी फोमची उशी, म्हणजे लॅपटॉप तेवढा वर राहतो.

मोठ्या पावसात सगळी बॅगच पिशवीत घालायची. धान्याच्या पोत्यात आत असते ती जाड प्लास्टिकची पिशवी पुरते. खताच्या गोणीतली मात्र कधीच नाही. धुतली तरी क्षार राहतात, आणि माउंटचे संपर्क व स्क्रू त्यानं खराब होऊ शकतात. आत ५० ग्रॅमच्या दोन सिलिका जेलच्या पुड्या. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर जाड तव्यात, दाणे पुन्हा निळे होईपर्यंत. तडतडायला लागले तर आच जास्त झालीय.

२४ मे

पुन्हा पाणी, पुन्हा दहा मिनिटं. दाराचे बोळे कोरडे. पाठीकडे लॅपटॉपच्या खिशात अजून ओल, पण तळाशी. उशीच्या वर कोरडं.

७ जून

रिकाम्या बॅगेचं वजन आता २ किलो ३१० ग्रॅम, म्हणजे ३६० ग्रॅम वाढ. यातला निम्मा भार तळाचा आणि मधल्या तळाचा. सनपॅक ५ ऐवजी ३ मिमीचं घालून पाहिलं, ६डी च्या वजनाला मधोमध वाकतं. ५ च राहू दिलं.

कमरेचा पट्टा बॅगेसोबत आला तो २५ मिमीचा, नऊ किलोला तो पोटात रुततो. ३८ मिमीची निवार शिवून घेतली आहे, पण तेवढ्या मापाचं बकल इथं मिळालं नाही. तोवर जुनंच २५ चं, निवारीला टोकाशी घडी घालून.

दुसऱ्या बॅगेसाठी दाराचा साचा खाकी कागदावर उतरवला: २१ × १२.५, लेन्सकडे ४ ची गोलाई, बॉडीकडे ३, बिजागरी समोरच्या अंगाला. त्या बॅगेची बाजूची भिंत १३ ची आहे, म्हणजे दोन्ही कडांना फक्त अडीच-अडीच मिमी. चाचांना विचारलं. तिथं दार कापायच्या आधी निवार भिंतीच्या शिवणीतच धरून घ्यावी लागेल, म्हणजे दोन्ही उभ्या शिवणी पूर्ण उसवाव्या लागतील. ईदनंतर बॅग घेऊन या, म्हणाले.